भाऊजींच्या गालाची सूज

तीर्थरूप मामांच्या चरणी,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घालायला कंबर परवानगी देत नाही, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घ्यावा.) तुमच्या घोट्याचं प्लास्टर निघालं का, निघालं नसल्यास आत खाज सुटते का, आणि सुटत असल्यास मामी विणायची सुई देतात की अजून रागावलेल्याच आहेत, हे सविस्तर कळवावं. तुम्ही पडलात हे ऐकून इकडे सगळ्यांना वाईट वाटलं. चालत्या गाडीवरून कुणीही पडतं, पण स्टँडला लावलेल्या गाडीवरून पडायला जन्मभराचा अनुभव लागतो, असं आपल्या मोटारसायकल क्लबातले लोक म्हणतात. मी म्हणत नाही. मी आपला भाचा आहे.

इकडे सर्व कुशल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खरं सांगायचं तर दुकान चालतंय म्हणजे पंखा चालतोय, हिचा माझ्याशी अबोला आहे (कारण पुढे येईल), आणि ताई आहे तशीच आहे. तुम्ही दर फोनवर विचारता, ताई कशी आहे, आणि मी म्हणतो बरी आहे, आणि मग दोघंही गप्प बसतो. तशीच म्हणजे तशीच. भाऊजी गेल्याला वर्ष होत आलं, या अवधीत ती ना धड रडली ना एकदा हसली. जेवते, कामावर जाते, आल्यागेल्याला पाणी विचारते. कुणी भाऊजींचं नाव काढलं की "हो ना" म्हणते आणि उठून काहीतरी पुसायला लागते. तिच्या घरात आता पुसायचं काही शिल्लक राहिलेलं नाही. त्या घरी बसलं की मला स्वतःलाच धूळ बसल्यासारखं वाटतं.

तर मूळ मुद्दा, म्हणजे गाडी. भाऊजींची मोटारसायकल, टाकीवर त्यांचा चेहरा लावून, क्लबाच्या मैदानात बांधलेल्या चौथऱ्यावर कायमची उभी करायची, ही कल्पना तुमची. चिखलातून आणि टेकड्यांवरून गाड्या हाकणाऱ्यांच्या क्लबात भाऊजींएवढा माणूस झाला नाही, तेव्हा कल्पना योग्यच होती. तुम्ही तहहयात अध्यक्ष असल्यामुळे ती लगेच मंजूरही झाली. ताईला विचारलं, ती "हो ना" म्हणाली. चेहऱ्याचा स्टिकर करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं, कारण घरात स्टिकरचं दुकान एकट्या माझंच. मला मनातून बरं वाटलं, हे आज सांगतो. वर्षभर मी ताईच्या घरी रिकाम्या हाताने जात होतो आणि रिकाम्या तोंडाने परत येत होतो. बोलायला जमत नाही, धीर द्यायला जमत नाही, पण चिकटवायला जमतं. म्हटलं, हे एवढं नीट करू, गाडी मानाने घराबाहेर जाईल, ताईच्या डोळ्यांसमोरून ती हलेल आणि तिच्या मनावरचं ओझंही थोडं हलेल. सगळ्यांनाच तसं वाटत होतं. (हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मधेच बोलता आणि मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो.)

फोटो समितीने निवडला. बक्षीस समारंभातला, कोट घातलेला, केस चापून बसवलेले, ओठ मिटून केलेलं हसू. ज्या माणसाने ओढ्यांतून, खडकांवरून आणि एकदा तर कुणाच्या तरी मांडलेल्या जेवणाच्या टेबलावरून गाडी नेली, आणि जो शेवटी इस्त्रीच्या दुकानात स्वतःच्या पँटी घ्यायला रांगेत उभा असताना गेला, त्या माणसाचा हा फोटो पाहून वाटतं की हा सहकारी संस्थेचा हिशेबनीस असावा. पण समितीपुढे कोण बोलणार. मी तो मोठा केला, रंग सुधारले, चांगल्यातल्या चांगल्या विनाइलवर छापला आणि ताईच्या शेडमध्ये जाऊन टाकीच्या डाव्या अंगाला लावला. साबणाचं पाणी, रबरी पट्टी, मधून कडेकडे, एक बुडबुडा नाही. त्या दिवशी मी घरी येऊन दुसऱ्यांदा भात घेतला.

दोन दिवसांनी भाऊजींचा गाल सुजला.

मामा, चेष्टा नाही. डाव्या गालावर चांगला लिंबाएवढा फुगवटा. मला वाटलं साबणाचं पाणी राहिलं असेल. पट्टीने दाबला, तर सूज गालावरून निघाली आणि डोळ्याखाली गेली. डोळ्याखालून दाबली तर नाकात गेली. शेवटी मी तो स्टिकर सोलून काढला (आपल्याच भाऊजींचा चेहरा कानापासून सोलताना कसं वाटतं ते तुम्हाला कळायचं नाही आणि कळूही नये) आणि नवा लावला. या वेळी कोरडा, पाण्याशिवाय, हिचा केस वाळवायचा ड्रायर नेऊन गरम करत करत. नवा स्टिकर एक दिवस जास्त टिकला आणि मग दोन्ही गाल आले. विनाइलचे रोल विकायला येणाऱ्या एजंटाला विचारलं, तर तो म्हणाला हवा राहिली असणार, तुमचा हात बसलेला नाही. हा एजंट जन्मला त्या वर्षी मी पहिली नंबरप्लेट केली होती. पण माणूस खचलेला असला की कुणाचंही पटतं. मी दुकानाच्या काचेवर, फ्रीजवर आणि वजनकाट्यावर स्टिकर लावून हाताची परीक्षा घेतली. सगळीकडे टिकले. फ्रीजवरचा तर आता निघतच नाही, आणि तो कसल्या तरी जंतुनाशकाचा आहे. अबोल्याचं एक कारण ते.

याच सुमारास तुमचे चिटणीस गाडी बघायला आले होते. शेडमध्ये गेले, टाकीकडे पाहिलं, टोपी काढली आणि हळूच मला विचारलं की शेवटी शेवटी फार त्रास झाला होता का त्यांना. मी म्हटलं नाही हो, एका क्षणात गेले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं मी लपवतोय.

शेवटी टाचणी घेतली. फुगवट्याला टोचायचं आणि हवा काढून टाकायची, हा आमच्या धंद्यातला शेवटचा उपाय, आणि तो करताना गिऱ्हाइकाने बघू नये अशी पद्धत आहे. गालाला नाक लावून मी टाचणी टोचली आणि भाऊजींच्या गालातून पेट्रोलचा वास आला. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. त्या गाडीची टाकी प्लास्टिकची. पत्र्याची टाकी पेट्रोल आत ठेवते ते ठेवतेच, प्लास्टिकची मात्र अंगातून सोडते. थेंब येत नाही, ओल दिसत नाही, पण वाफ भिंतीतून झिरपत राहते, रात्रंदिवस, आणि वर विनाइल चिकटवलेलं असेल तर तिला जायला वाट नाही, म्हणून ती तिथेच खोली बांधते. म्हणजे दोष माझ्या हाताचा नव्हता, गोंदाचा नव्हता. आत पेट्रोल आहे तोवर वरचं काहीही टिकणार नव्हतं. (पेट्रोलची वाफ येते त्या जागी मी हिचा ड्रायर गरम करून फिरवत होतो, हेही तेव्हाच लक्षात आलं. मी ते हिला सांगितलं. सांगायला नको होतं. अबोल्याचं दुसरं कारण ते.)

आता वर्षभर उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत इतकं पेट्रोल कसं, आणि तेही ताज्या वासाचं, हा प्रश्न कुणाही शहाण्या माणसाला पडला असता. मला पडला नाही. मी टाकी कॅनमध्ये रिकामी केली, कॅन शेडच्या कोपऱ्यात ठेवला, टाकीचं झाकण उघडून ती चांगली वाळवली. मधल्या काळात हिच्या शिवणयंत्रातून दोरा काढला आणि नव्या स्टिकरवर नुसती सुई चालवली. हेतू असा, की उरलीसुरली वाफ असेल तर या बारीक भोकांतून निघून जावी. जवळून पाहिलं तर भाऊजींना देवी येऊन गेल्यासारखं दिसत होतं, पण चार पावलं मागे गेलं की भोकं दिसेनात. माझ्या आयुष्यातली ही एकमेव कल्पना जी मला स्वतःला सुचली. आणि मग मी काय केलं असेल? चकाकी यावी म्हणून त्यावर पारदर्शक लॅमिनेशन मारलं. सगळी भोकं बंद. आम्हा स्टिकरवाल्यांना हे रक्तातच असतं, काहीही केलं की वरून लॅमिनेशन मारल्याशिवाय हात थांबत नाही, मग ती मुळात हवा जायची भोकं का असेनात. तेही काढलं. परत मशीन चालवलं. (शिवणयंत्राची सुई बोथट झाली. अबोल्याचं तिसरं.)

सगळं झाल्यावर मी ताईला बोलावलं. ती शेडमध्ये कधी जात नाही असा आमचा सगळ्यांचा समज होता. शेडच्या दारावरून जाताना ती भिंतीकडे बघत जाते, हे मी स्वतः पाहिलेलं. ती आली, पदराला हात पुसत उभी राहिली, टाकीकडे पाहिलं आणि म्हणाली, छान झालंय. ज्या स्वरात आपण दुसऱ्याच्या घरातल्या नव्या पडद्यांना छान म्हणतो, त्या स्वरात. मग उठून पुसायला जावं तशी आत गेली. मी मनाशी म्हटलं, झालं आपलं काम, आता गाडी पोचवली की सुटलो. पण सुटल्यासारखं काही वाटेना.

चार दिवसांनी टेंपोवाल्याशी बोलणं करून मी गाडी गुंडाळायला गेलो, तर गाल वर आलेले. टाकी रिकामी, झाकण उघडून वाळवलेली, स्टिकरला भोकं, तरी गाल वर आलेले. एवढे वर आलेले की भोकं पुरी पडली नव्हती. मी खाली बसलो, मामा. अक्षरशः शेडच्या जमिनीवर बसलो. एक काम सांगितलं होतं, एक. मग झाकण काढून आत डोकावलो तर टाकीत पेट्रोल. कोपऱ्यातला कॅन उचलून पाहिला, तो हलका.

मी ताईला हाक मारली. ती दारात आली आणि माझ्या हातातला कॅन बघून समजली. म्हणाली, "मी रोज चालू करते." कधी, तर सकाळी, कामावर जायच्या आधी. भाऊजी निघण्यापूर्वी गाडी तापवत ठेवायचे, आत येऊन बूट शोधायचे, आणि त्या आवाजात दोघांचं ओरडून बोलणं व्हायचं, डबा घेतला का, किल्ली कुठे आहे. त्यांचा गुडघा दुखावला होता त्या दिवसांत किकही तीच मारून द्यायची, म्हणून तिला येते. आता ती पेट्रोल संपलं की आणून ओतते, किक मारते, गाडी शेडमध्ये चालू ठेवते आणि आत जाऊन डबा भरते. "घर फार ऐकू येतं रे," ती म्हणाली. "नळ ऐकू येतो, घड्याळ ऐकू येतं. मी चावते तेसुद्धा ऐकू येतं." आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला दुकानावर राहतो, आम्हाला कळणार कसं. शेजाऱ्यांना रोज आवाज यायचा, त्यांना वाटायचं मीच येऊन गाडी तापवतो, आणि भाऊ असावा तर असा, असं म्हणायचे म्हणे.

मी विचारलं, मग चौथऱ्याला हो का म्हणालीस. तर म्हणाली, मामांनी सिमेंट आणून ठेवलं होतं. एवढं सगळ्यांनी मनावर घेतलेलं, नाही कसं म्हणू.

मी आपला टाकीकडे वळलो आणि म्हटलं, हे बघ काय झालंय, आता परत सोलावं लागणार. तेव्हा ती पहिल्यांदा जवळ आली, वाकली आणि तिने नीट पाहिलं. दोन्ही गाल टम्म, डोळ्यांखाली पिशव्या, एक भुवई वर सरकलेली, आणि कोटातलं ते मिटलेलं हसू फुगून जरा उघडल्यासारखं. ती बघत राहिली. मग हसायला लागली. तोंडावर हात ठेवला, तरी थांबेना. "उठल्या उठल्या अगदी असेच दिसायचे," म्हणाली. "तुम्हाला कुणाला माहीतच नाही. आठ वाजेपर्यंत हेच तोंड." आणि हसता हसता ती रडायला लागली. गाडीच्या सीटवर डोकं ठेवून वर्षाचं सगळं रडली. मी कॅन हातात धरून उभा होतो. मला फार वाईट वाटलं आणि फार बरं वाटलं, दोन्ही एकदम, आणि हे मला कुणापुढे तरी बोलायचं होतं म्हणून हे पत्र एवढं लांबलं.

तर असं आहे सगळं. घोट्याला जपा. मामींना नमस्कार, आणि प्लास्टर निघेपर्यंत कसल्याही गाडीवर बसू नये, उभ्या तर नाहीच नाही. तुमच्या आशीर्वादाची आणि थोड्या उदार मनाची वाट पाहणारा,

तुमचा, प्लास्टिकपुढे सपशेल हात टेकलेला,
भाचा

ता. क. टेंपोवाल्याला मी परत पाठवलं. गाडी येणार नाही. हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, पण तुम्ही पहिली ओळ वाचून फोन उचलला असता.

ता. क. समितीला काय सांगायचं ते सांगतो. प्लास्टिकच्या टाकीवर स्टिकर टिकत नाही असं सांगा, ते खरंही आहे. आमचा भाचा निकामी निघाला असंही जोडून द्या, मी तक्रार करणार नाही. पुरावा लागला तर हे पत्र सभेत वाचून दाखवा, फक्त शिवणयंत्राच्या सुईपर्यंत. त्यापुढचं ताईचं आहे, ते तुम्ही आणि मामींनीच वाचावं. चौथऱ्याचं तुमचं सिमेंट फुकट गेलं याचं दुःख आहे, पण त्यावर फुलझाडांची मोठी कुंडी छान दिसेल. भाऊजींना फुलांनी शिंका यायच्या, तरी चालवून घेतील.

ता. क. खरं काम आता सांगतो. ताईला गाडी चालू करता येते, चालवता येत नाही. काल तिने मला विचारलं की शेडच्या बाहेर ती कशी काढायची. मला स्टिकर लावता येतात, गाडी येत नाही, आणि क्लबातल्या कुणाला सांगितलं तर तो तिला चढावर नेईल. लहानपणी सायकल तुम्हीच शिकवली होतीत तिला, मागून सीट धरून. घोटा सावरला की आठ दिवस या. धावायला लागणार नाही, नुसतं बाजूला उभं राहून ओरडायचं आहे, ते तुम्हाला जमतं. नाही म्हणू नका.

ता. क. स्टिकर नवा लावला. हिने (अबोला सुटला, ताईचं ऐकल्यावर) सुचवलं की मुळातच सुजलेला फोटो छापावा, म्हणजे कटकट नको. मी तसं केलं नाही. टाकीत पेट्रोल राहणार, तेव्हा हा निघेल, मग मी दुसरा लावीन, फाइल दुकानात आहेच. पहिले दोन दिवस भाऊजी हिशेबनिसासारखे दिसतात, तेव्हा ताई त्यांच्याकडे फारशी बघत नाही. मग गाल वर येऊ लागले की ती चहाचा कप घेऊन शेडमध्ये जाऊन बसते.